कोंडणाऱ्याला विचारायचा प्रश्न: रनिमीड ते मार्सेलिस

शनिवार, रनिमीड

लंडनजवळच्या स्लाऊहून रनिमीड मोटारीने वीसेक मिनिटांवर. भाचा इतकी वर्षं स्लाऊत राहतो, पण तिकडे कधी फिरकला नव्हता. "मामा, तिथे नुसतं गवत आहे," असं त्याने आदल्या रात्रीच बजावलं होतं. गेलो तर खरंच गवत होतं. टेम्सच्या काठाने पसरलेलं सपाट ओलसर कुरण, पलीकडे झाडीची टेकडी आणि डोक्यावरून हीथ्रोची विमानं.

मी साताऱ्यात फौजदारी वकिली करतो. निम्मं आयुष्य जामिनाच्या अर्जांत गेलं. त्यामुळे या प्रवासाची आखणी करताना राजवाडे आणि बागा बाजूला ठेवून, माणसाला कोंडण्याचा अधिकार कोणाचा हा वाद जिथे जिथे झाला तेवढ्याच जागा निवडल्या. नंदा, म्हणजे आमची सौ., म्हणाली, "लोक युरोपात चॉकलेट खायला जातात, आपण तुरुंग बघायला." पण ती आली, आणि निम्म्या ठिकाणी माझ्याआधी तिनेच खोडी काढली.

1215 च्या 15 जूनला याच कुरणात इंग्लंडच्या जॉन राजाने बंडखोर सरदारांच्या मागण्या मान्य केल्या. लेखणी हातात घेऊन सही करणारा राजा चित्रांत दिसतो, तो चित्रकारांचा. प्रत्यक्षात त्या सनदेवर, म्हणजे मॅग्ना कार्टावर, मोहोर उठली. फ्रान्समधल्या लढाईत हरलेला, पैशांची ओढ लागलेला असा हा राजा. एका सरदारावर खप्पामर्जी झाली तेव्हा त्याच्या बायकोला आणि थोरल्या मुलाला जॉनने किल्ल्यात कोंडून उपाशी मारलं, असं तेव्हाचे बखरकार लिहितात. ही 1210 ची गोष्ट. कुरणात जमलेल्या प्रत्येक सरदाराला ती पाठ असणार. त्यामुळे सनदेतलं 39 वं कलम मला तत्त्वज्ञान वाटत नाही, घाबरलेल्या माणसांनी घातलेली अट वाटते: कोणाही मुक्त माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडायचं नाही, कोंडायचं नाही, देशोधडीला लावायचं नाही. "मुक्त माणूस" यात जमिनीला जखडलेली बहुसंख्य रयत बसत नव्हती, हेही लगेच सांगायला हवं. सरदारांनी स्वतःपुरतं मागितलं होतं.

इथलं मॅग्ना कार्टाचं मुख्य स्मारक इंग्रजांनी नाही, अमेरिकेतल्या वकिलांच्या संघटनेने 1957 साली उभारलं. आठ खांबांवरची छोटी घुमटी, मध्ये ग्रॅनाइटचा स्तंभ. आमच्या बार असोसिएशनला बाररूमचा पंखा दुरुस्त करून घ्यायला वर्ष लागतं, म्हणून मी जरा मत्सरानेच बघत होतो. तिथेच जवळ एक ओकचं झाड आणि त्याखाली पाटी. पाटी वाचून भाचा ओरडला, "मामा, नरसिंह राव!" खरंच. आपल्या पंतप्रधानांनी 16 मार्च 1994 ला हे झाड लावलं. स्वातंत्र्य, लोकशाही आणि कायद्याचं राज्य ही मूल्यं भारतीयांनी राज्यघटनेत जपली आहेत, अशा अर्थाचा मजकूर आहे. राव फर्ग्युसनचे विद्यार्थी, रामटेकचे दोनदा खासदार, मराठी उत्तम बोलणारे. त्यांच्याबद्दल आपुलकी वाटतेच. पण वकिलाच्या डोक्यात तारखा अडकून बसतात. 11 मार्च 1994 ला, म्हणजे पाचच दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयाने कर्तारसिंग खटल्यात टाडा कायदा वैध ठरवला होता. पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुराव्यात चालेल आणि जामीन जवळजवळ मिळणारच नाही, असा तो कायदा. पुढच्या वर्षी त्याची मुदत संपली. झाड मात्र चांगलं वाढलंय.

कुरणाच्या मध्यावर ब्राँझच्या बारा खुर्च्या मांडल्या आहेत. ह्यू लॉक या शिल्पकाराने सनदेच्या आठशेव्या वर्षी, 2015 ला, केलेलं हे काम. नाव 'द ज्युरर्स', म्हणजे खटल्यात निकाल देणारे सामान्य नागरिक. खुर्च्यांच्या पाठींवर हक्कांच्या लढ्यांची चित्रं आहेत. त्यांत कॉर्नेलिया सोराबजी निघाल्या. नाशिकला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या, ऑक्सफर्डात कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री. नंदा त्याच खुर्चीवर बसली आणि उठायला तयार होईना. बसायला परवानगी आहे, पण ब्राँझ ऑक्टोबरात भलतंच गार असतं.

रविवार, ब्रिटिश लायब्ररी आणि किंग हेन्रीज रोड

मूळ सनदेच्या 1215 च्या चारच प्रती उरल्या आहेत. एक लिंकनची, एक सॉल्झबरीची, दोन ब्रिटिश लायब्ररीच्या. त्यातली एक 1731 च्या आगीत होरपळलेली. दालनात प्रवेश फुकट. काचेमागे मेंढीच्या कातड्यावर मुंगीएवढ्या अक्षरांच्या ओळी, मध्ये कुठेही कलमांचे आकडे नाहीत. ती त्रेसष्ट कलमं नंतरच्या अभ्यासकांनी पाडली. त्यात नद्यांमधले मासे धरायचे बांध काढून टाका असं आहे, विधवेवर लग्नाची सक्ती करू नका असं आहे, आणि बाईच्या फिर्यादीवरून, मेलेला तिचा नवरा नसेल तर, कोणाला अटक करू नका असंही आहे. नंदाने हे शेवटचं ऐकून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मसुदा मीच केला होता.

ही सनद जेमतेम दहा आठवडे टिकली. जॉनने पोपकडे धाव घेतली आणि तिसऱ्या इनोसंटने 24 ऑगस्ट 1215 ला ती रद्द ठरवली. पुढच्या वर्षी जॉन वारला, वारस पोर होता, आणि सरदारांना चुचकारायला दरबाराने सनद पुन्हा काढली. 1216, 1217, 1225. कायद्यात रुजली ती ही 1225 ची आवृत्ती. एकदा मिळालं म्हणून ते टिकलं नाही. राजाला पैसे हवे असतील तेव्हा लोक सनद पुढे करत आणि पुन्हा मोहोर मागत. आपल्याकडे वसुलीच्या दाव्यात दर वेळी नव्याने हमीपत्र लिहून घेतात, तसलाच हा व्यवहार.

दुपारी चॉक फार्म स्टेशनला उतरून 10, किंग हेन्रीज रोड गाठलं. डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते 2015 ला विकत घेतलं. शांत रस्ता, तीन-चार मजली विटांची घरं. नागपूरहून आलेलं एक कुटुंब दारापुढे फोटो काढत होतं. आम्ही त्यांचा काढला, त्यांनी आमचा.

घटना समितीत 9 डिसेंबर 1948 ला बाबासाहेब म्हणाले होते की कोणत्या एका कलमाशिवाय ही घटना निरर्थक ठरेल असं मला विचारलं तर मी याच कलमाकडे बोट दाखवीन. हा घटनेचा आत्मा आहे, हृदय आहे. ते आजचं 32 वं कलम. त्यात समतेची घोषणा नाही, विचारस्वातंत्र्य नाही. त्यात आहे दार ठोठावायचा हक्क: सर्वोच्च न्यायालयात जा आणि रिट, म्हणजे कोर्टाचा हुकूम, मागा. त्या रिटांमध्ये पहिलं नाव हेबियस कॉर्पसचं. ज्याने माणूस डांबलाय त्याने त्याला कोर्टापुढे आणावं आणि कोणत्या अधिकाराने डांबलं ते सांगावं. लंडनमध्ये कायदा शिकलेल्या माणसाला घोषणा आणि साधन यांतला फरक कळला होता.

आणि तेच साधन 28 एप्रिल 1976 ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गुंडाळून ठेवलं. आणीबाणीत जबलपूरच्या खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल लागला: मिसा या खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली धरलेल्याला दाद मागता येणार नाही. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी बंद्यांच्या बाजूने कौल दिला होता, तो पुसला गेला. चारांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे विरोधात गेलेले न्या. हंसराज खन्ना, त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. 2017 मध्ये खाजगीपणाच्या निकालात धनंजय चंद्रचूडांनी वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असं लिहून तो मोडीत काढला. भाच्याला ही पितापुत्रांची गोष्ट ठाऊक नव्हती. रस्त्यावर उभं राहून सांगितली. थंडी वाजत होती म्हणून थोडक्यात.

सोमवार, ओल्ड बेली

आज मी एकटा. ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टाच्या सार्वजनिक गॅलरीत मोबाइल नेता येत नाही, पिशवीही नाही. खिशात रुमाल आणि ओळखपत्र घेऊन जिने चढलो. न्यूगेटचा कुप्रसिद्ध तुरुंग पाडून त्या जागी 1907 ला ही इमारत झाली. वर घुमटावर न्यायदेवता आहे. तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही, हे मला आवडलं.

वरून खाली कोर्ट दिसतं. बारा ज्युरर. एक बाई सारखी वही उलटत होती, एक तरुण जांभया आवरत होता, एक गृहस्थ साक्षीदाराकडे न बघता आरोपीकडेच बघत होते. आमच्याकडे ज्युरी गेली. नानावटी खटल्यानंतर ती मरणपंथालाच लागली आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. मी ज्युरीपुढे कधी उभा राहिलेलो नाही. आमच्या बाररूममधले ज्येष्ठ म्हणत, बरं झालं गेली. ज्युरी विकत घेता यायची. असेल. पण 1670 ची गोष्ट ठाऊक असलेल्याने ते इतक्या सहज म्हणू नये.

क्वेकर पंथाचे विल्यम पेन आणि विल्यम मीड ऑगस्ट 1670 मध्ये ग्रेसचर्च स्ट्रीटवर प्रवचनाच्या निमित्ताने पकडले गेले. त्यांचं प्रार्थनागृह सरकारने कुलूपबंद केलं होतं, म्हणून रस्त्यावर. आरोप: बेकायदा, दंगेखोर जमाव. सप्टेंबरमध्ये खटला याच जागी चालला. दोघे बोडक्याने आत आले. कोर्टाने शिपायाकडून त्यांच्या डोक्यावर टोप्या चढवल्या आणि मग कोर्टात टोपी घातली म्हणून प्रत्येकी चाळीस मार्क दंड केला. असे न्यायाधीश मी पाहिलेले नाहीत असं म्हणायला आवडलं असतं.

ज्युरीने पहिल्यांदा सांगितलं, पेन ग्रेसचर्च स्ट्रीटवर बोलला, एवढंच. कोर्टाने परत पाठवलं. पुन्हा तेच. मग रेकॉर्डर या पदावरच्या न्यायाधीशाने बाराही जणांना अन्न, पाणी, विस्तव, तंबाखू यांविना कोंडायचा हुकूम दिला. आरोपीच्या बाजूने छापलेल्या वृत्तांतात आहे की लघवीसाठी भांडंसुद्धा दिलं नाही. दोन रात्री अशा काढल्यावर एडवर्ड बुशेल आणि बाकीच्यांनी उत्तर दिलं: निर्दोष. कोर्टाने ज्युरीलाच प्रत्येकी चाळीस मार्क दंड ठोठावला आणि भरेपर्यंत न्यूगेटमध्ये टाकलं. बुशेलने दंड भरायला नकार देऊन हेबियस कॉर्पस मागितलं. मुख्य न्यायमूर्ती व्हॉन यांनी त्याला सोडलं. त्यांचं म्हणणं असं की पुराव्याचा अर्थ काय ते न्यायाधीशच सांगणार असेल आणि ज्युरीने मान डोलवायची असेल, तर ज्युरीला बसवायचं कशाला? तेव्हापासून इंग्लंडमध्ये निकाल आवडला नाही म्हणून ज्युरीला शिक्षा करता येत नाही. बुशेल आणि साथीदारांच्या नावाची पाटी आतल्या दालनात आहे. पेन पुढे पेनसिल्व्हेनिया वसवून जगभर प्रसिद्ध झाला. उपाशी राहिलेले ते बारा जण कोण होते, काय विकत होते, ते वकिलांखेरीज कोणाला विचारावंसं वाटत नाही.

गॅलरीत बसून मला 22 जुलै 1908 आठवत होता. मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला, नऊ जणांची ज्युरी, त्यात सात युरोपियन, दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. सहा वर्षं काळं पाणी, मंडाले. ज्युरी होती. पण लोकमान्यांचे मराठी लेख ज्यांना भाषांतरातून वाचावे लागले, त्या सात जणांना "बरोबरीचे लोक" म्हणायला सनद लिहिणाऱ्या सरदारांचीही जीभ रेटली नसती.

मंगळवार, वेस्टमिन्स्टर हॉल

ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाची चर्चा ऐकायला गॅलरीत जायचं तर वाट वेस्टमिन्स्टर हॉलमधून जाते; पैसे पडत नाहीत, फक्त रांग. चर्चेत कोणीतरी स्थानिक बसमार्गांबद्दल कळकळीने बोलत होतं. आम्ही दहा मिनिटांत उठून पुन्हा खाली हॉलमध्ये आलो.

अकराव्या शतकाअखेरचा हा हॉल, वर चौदाव्या शतकातलं प्रचंड लाकडी छत. 1882 ला कोर्टं स्ट्रँड या रस्त्यावर जाईपर्यंत शतकानुशतकं राज्यातली मोठी न्यायालयं इथेच, एकमेकांच्या कानाशी भरत. कोणावर इथे खटला चालला ते सांगणाऱ्या पितळी पाट्या फरशीत बसवल्या आहेत: इथे टॉमस मोर, इथे पहिला चार्ल्स. वॉरन हेस्टिंग्जवरचा महाभियोग याच छताखाली 1788 ते 1795 चालला आणि तो सुटला. सात वर्षं! नंदा म्हणाली, "मग उगाच आपल्या कोर्टांना नावं ठेवतात."

1626-27 मध्ये पहिल्या चार्ल्सने सक्तीचं कर्ज मागितलं. न देणाऱ्या पाच सरदारांना तुरुंगात टाकलं. त्यांनी रिट मागितलं तेव्हा तुरुंगाधिकाऱ्याचं उत्तर आलं: राजाच्या विशेष आज्ञेवरून. कारण नाही, कलम नाही. कोर्टाने मान तुकवली. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने हक्काचा अर्ज पुढे करून हे बंद करायला लावलं. राजाने मानलं, मग मोडलं, आणि जानेवारी 1649 मध्ये तो स्वतःच या हॉलमध्ये आरोपी म्हणून उभा होता. कोणत्या अधिकाराने तुम्ही माझा निवाडा करता, असं तो वारंवार विचारत राहिला. प्रश्न चोख होता. विचारणारा मात्र तोच, ज्याने पाच सरदारांना त्याचं उत्तर दिलं नव्हतं. 30 जानेवारीला पलीकडच्या बँक्वेटिंग हाउससमोर त्याचं डोकं उडवलं. थंडीने अंग थरथरलं तर लोक भ्यालो म्हणतील, म्हणून त्याने दोन सदरे घातले होते. ती इमारत आम्ही बाहेरूनच पाहिली.

1679 चा हेबियस कॉर्पस कायदा झाला त्याची एक गंमत सांगतात. लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, मतं मोजताना एक सभासद फार जाडा होता, त्याला मोजणाऱ्याने थट्टेने दहा धरलं, दुसऱ्या मोजणाऱ्याचं लक्ष नव्हतं, आकडा तसाच राहिला आणि विधेयक पास झालं. खरं-खोटं देव जाणे. नोंदीतली मतांची बेरीज मात्र त्या दिवशी हजर असलेल्यांपेक्षा जास्त भरते. या कायद्यात नवीन तत्त्व एकही नाही. आहेत त्या मुदती: तुरुंग वीस मैलांच्या आत असेल तर कैदी तीन दिवसांत आणा, शंभर मैलांपर्यंत दहा, त्यापुढे वीस. टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड. आणि बारावं कलम: इंग्लंडच्या रहिवाशाला कैदी म्हणून जर्सी, टँजियर किंवा समुद्रापार पाठवायचं नाही. कारण दरबाराने तेच सुरू केलं होतं. माणूस बेटावर नेला की रिट पोचत नाही. अंदमान ठाऊक असलेल्या माणसाने हे कलम वाचलं की तो थबकतोच. त्यात भारतातली रयत धरलेली नव्हती.

रिट बोटीवरही पोचू शकतं हे सिद्ध झालं 1771-72 मध्ये, याच हॉलमध्ये. जेम्स सॉमरसेट हा गुलाम मालकाकडून पळाला, पकडला गेला, आणि टेम्समध्ये उभ्या असलेल्या 'अ‍ॅन अँड मेरी' या जहाजावर बेड्या घालून ठेवला गेला. जहाज जमैकाला निघायचं होतं. तिथे त्याला विकायचं. त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपालकांनी रिट मागितलं. कप्तान नोल्सला तो माणूस कोर्टात आणावा लागला. गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पने वकील उभे केले. मॅन्सफील्ड हे काही क्रांतिकारक न्यायाधीश नव्हते. प्रकरण आपसात मिटावं म्हणून त्यांनी खूप वाट पाहिली. मिटलं नाही, तेव्हा 22 जून 1772 ला त्यांनी सांगितलं की इंग्लंडच्या कायद्यात याला आधार नाही, माणसाला सोडा. निकाल अरुंद होता. गुलामगिरी त्याने संपली नाही, साम्राज्यात ती 1833 च्या कायद्यापर्यंत चालली. पण जमैकाला निघालेल्या जहाजाच्या तळातून एक माणूस बाहेर आला.

या निकालाची पितळी पाटी मी फरशीवर शोधत होतो. तोवर सुरक्षारक्षकाने हात दाखवून वाट मोकळी करायला सांगितलं.

बुधवार, पॅरिस

सेंट पॅन्क्रसहून युरोस्टार. बोगद्यात शिरताना काही कळत नाही, बाहेर पडल्यावर शेतं जरा मोठी दिसतात, एवढंच.

बास्तीय चौकात बास्तीयचा तुरुंगाचा किल्ला नाही. मधला उंच स्तंभ 1789 चा असेल असं वाटतं, पण तो 1830 च्या क्रांतीचा. किल्ल्याची आखणी रस्त्यातल्या वेगळ्या दगडांत दाखवली आहे, वरून गाड्या जातात. मेट्रोच्या पाचव्या मार्गाच्या फलाटावर भिंतीचा एक तुकडा आहे. थोडं चालत सेनकडे गेलं की आंरी-गाल्ली बागेत एका बुरुजाच्या पायाचे दगड ठेवलेत, 1899 मध्ये मेट्रो खणताना मिळालेले. किल्ल्याला आठ बुरुज होते. या एकाचं नाव स्वातंत्र्य बुरुज. तुरुंगाच्याच बुरुजाचं.

14 जुलै 1789 ला जमाव आत शिरला तेव्हा सात कैदी मिळाले: चार बनावट हुंड्यांचे गुन्हेगार, दोन वेडे, आणि एक सरदारपुत्र, ज्याला घरच्यांनीच विनंती करून कोंडलं होतं. लोक हा आकडा सांगून हसतात. मला त्यातला शेवटचा महत्त्वाचा वाटतो. राजाच्या मोहोरेचं पत्र आणलं की खटला न चालवता माणूस आत टाकता येई, आणि बाप पोरासाठी, नवरा बायकोसाठी असं पत्र मागवत. पुढे क्रांतीचा बुलंद वक्ता झालेला मिराबो बापाच्याच विनंतीवरून व्हँसेनच्या किल्ल्यात होता. सातच होते हे खरं, पण ती पत्रं कोणावरही निघू शकत होती.

26 ऑगस्ट 1789 च्या, माणसाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात सतरा कलमं. सातव्यात लिहिलंय की कायद्याने ठरवलेल्या प्रसंगाशिवाय कोणाला आरोपी करता, पकडता, डांबता येणार नाही. रनिमीडच्या 39 व्या कलमापेक्षा भाषा सुंदर, आणि "मुक्त माणूस" अशी आडकाठी नाही. मनमानी हुकूम काढणाऱ्याला शिक्षा व्हावी असंही त्यात आहे. पण पकडलंच तर कोणाकडे जायचं आणि किती दिवसांत, यावर सतराही कलमांत ओळ नाही.

गुरुवार, लक्झेंबर्ग आणि कॉन्सिएर्जरी

लक्झेंबर्ग बागेत खुर्च्या ओढून लोक उन्हात बसतात, पोरं तळ्यात शिडाची होडकी सोडतात. मागचा राजवाडा म्हणजे आताची सेनेट. 1793-94 मध्ये तो तुरुंग होता आणि त्यात टॉमस पेन होता, ओल्ड बेलीतल्या विल्यम पेनहून वेगळा.

जोतीराव फुल्यांच्या वाचकाला पेनची ओळख करून द्यायला नको. तरुणपणी त्याचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचून ते पेटले होते. त्याच पुस्तकासाठी इंग्लंडने पेनला गैरहजेरीत राजद्रोहात दोषी ठरवलं. फ्रान्सने त्याला डोक्यावर घेतलं, कन्व्हेन्शनवर, म्हणजे क्रांतीच्या संसदेवर, निवडलं. तिथे त्याने राजाला मारू नका, हद्दपार करा असं सांगितलं. डिसेंबर 1793 च्या अखेरीस तो आत. त्यानेच लिहून ठेवलंय: गिलोटिनला न्यायच्या खोल्यांवर पहारेकरी खडूने खूण करत. पेनच्या खोलीचं दार बाहेर उघडून भिंतीला टेकलं होतं, त्यामुळे खूण दाराच्या आतल्या बाजूला झाली. रात्री दार मिटलं, खूण आत गेली, नेणारे पुढे निघून गेले. माणसाच्या हक्कांवर पुस्तक लिहिणारा वाचला तो बिजागरीच्या कृपेने. नोव्हेंबर 1794 मध्ये अमेरिकेचे नवे प्रतिनिधी मन्रो यांनी रदबदली केली तेव्हा सुटला. मधल्या दहा महिन्यांत, याला का ठेवलंय हे अधिकाराने विचारू शकेल असं एकही कोर्ट पॅरिसमध्ये नव्हतं.

दुपारी कॉन्सिएर्जरी. खालची गॉथिक दालनं इतकी देखणी आहेत की तुरुंग विसरायला होतो. मग वर एका खोलीच्या भिंतींवर कैद्यांची नावं, रांगाच्या रांगा. मारी आंत्वानेतच्या कोठडीचं पुढे प्रार्थनागृह केलं, त्यासमोर गर्दी असते. ओलँप द गूज यांचं नाव शोधत नंदा बराच वेळ उभी होती. जाहीरनाम्यात बायका नाहीत म्हणून त्यांनी 1791 ला स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. 3 नोव्हेंबर 1793 ला गिलोटिन.

क्रांतिकारी न्यायाधिकरण वरच्या मजल्यावर बसे. त्यालाही ज्युरी होती, पण ज्युरर कन्व्हेन्शननेच नेमलेले. 10 जून 1794 च्या कायद्याने आरोपीचा वकील काढून टाकला. ज्युरीला खात्री वाटत असेल तर साक्षीदारही नको. निकाल दोनच, मुक्तता किंवा मृत्यू. पुढच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये 1,300 हून अधिक जणांची मुंडकी उडाली. हा कायदा क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर याच्या गोटातला. 1791 मध्ये फाशीची शिक्षाच रद्द करा म्हणून भाषण करणारा हाच रोबेस्पिएर. तो मनातून दुष्ट होता असं मला वाटत नाही. आपण चुकू शकत नाही असं त्याला वाटे, आणि त्याला अडवायला बुशेल उरू दिला नव्हता. 28 जुलैला तोही विनाखटला गेला.

शुक्रवार, मार्सेलिस

गार द लिओंहून वेगवान गाडीने तीन-सव्वातीन तास. खाली उतरलं की हवा बदलते, मिठाचा वास येतो, मुंबईची आठवण होते. जुन्या बंदरावर मासळीचा बाजार बघून आम्ही जोलिएतच्या गोद्यांकडे गेलो. तिथे आता मोठा मॉल झालाय. त्याच्या गच्चीवरून उत्तर आफ्रिकेकडे जाणाऱ्या बोटी दिसतात.

इथे यायचं ते सावरकरांना घेऊन चाललेल्या मोरिया बोटीसाठी. सावरकरांच्या राजकारणाबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत आणि ती जेवणाच्या टेबलावर मिटणारी नाहीत. म्हणून आधीच ठरवलं होतं, आज फक्त कागद बघायचे.

13 मार्च 1910 ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक. आरोप गंभीर: राजद्रोह, आणि नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाशी जोडलेला कट. ब्रिक्स्टन तुरुंग. 1881 च्या फरारी गुन्हेगारांच्या कायद्याखाली हिंदुस्थानात पाठवायचा हुकूम झाला. मुंबईत वाट पाहत होतं विशेष न्यायाधिकरण: तीन न्यायाधीश, ज्युरी नाही, अपील नाही. सावरकरांनी लंडनमध्ये हेबियस कॉर्पस मागितलं. तोच अर्ज, जो सॉमरसेटसाठी झाला होता. पाठवणी अन्यायाची वाटली तर सोडायची मुभा त्या कायद्यातच होती. जूनमध्ये अपील कोर्टाने अर्ज फेटाळला. वकिली चष्म्यातून बघितलं तर इथे रिट हरलं असं म्हणता येत नाही. अर्ज ऐकला गेला, निकाल कायद्याच्या पुस्तकांत छापला गेला, आजही उद्धृत करता येतो. पण सॉमरसेटला जहाजावरून उतरवणाऱ्या कोर्टाच्या वारसांनी यांना जहाजावर चढवायला हरकत घेतली नाही.

8 जुलैच्या सकाळी बोट इथे उभी असताना ते न्हाणीच्या गोल खिडकीतून निसटले, पोहत धक्क्यावर आले, धावले. मागून आरडाओरडा. फ्रेंच शिपायाने धरलं आणि बोटीवरच्या पोलिसांच्या हवाली केलं. काही मिनिटांचा मामला. फ्रेंच भूमीवर पाय लागल्यावर फ्रान्सच्या रीतीप्रमाणे प्रत्यार्पणाचा अर्ज, सुनावणी हे सगळं व्हायला हवं होतं. 'ल्युमानिते' या फ्रेंच दैनिकात मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने हे उचलून धरलं. 1789 च्या जाहीरनाम्यातलं सातवं कलम या धक्क्यालाही लागू होतं, पण धक्क्यावर ते विचारणार कोण?

फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादाकडे गेले. अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट, 1909 चं शांततेचं नोबेल मिळालेले. निवाडा थोडक्यात असा: पकडून परत देण्यात अनियमितता झाली, पण म्हणून ब्रिटनने कैदी परत करावा असा आंतरराष्ट्रीय कायद्यात नियम नाही. गच्चीवर कॉफी घेताना मी हे नंदाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पंचनामा चुकीचा, पण जप्ती कायम." आमच्या तालुका कोर्टात हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येतं.

निवाड्याची तारीख 24 फेब्रुवारी 1911. मुंबईतला खटला त्यासाठी थांबला नव्हता. दुसरी जन्मठेप 30 जानेवारीलाच सुनावून झाली होती. जुलैमध्ये त्यांना पोर्ट ब्लेअरला उतरवलं. त्या बोटीच्या कप्तानाला कैदी कोर्टात आणून दाखव असं सांगायला कोणी बेलिफ पाठवला नाही. तसं सांगू शकेल असं कोर्ट त्या वाटेवर कुठे बसत नव्हतं.